नावासकट चेहरा : नागरिकशास्त्राच्या तासाला ‘पारी’चा छायाचित्रसंग्रह

दरवर्षी जून महिन्यात वर्गशिक्षिकेला एक काम चुकत नाही, ते म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याकडून पासपोर्ट आकाराची छायाचित्रे गोळा करणे. केस पाण्याने चापून बसवलेले, शर्टाचे वरचे बटण लावलेले, हसू दाबून धरलेले असे नववीचे त्रेचाळीस चेहरे पाकिटातून माझ्या टेबलावर येतात आणि निरनिराळ्या अर्जांवर चिकटून निघून जातात. यंदा ते चिकटवण्यापूर्वी मी सगळे फोटो ओळीने मांडले आणि वर्गाला विचारले की, या फोटोवरून तुमच्याबद्दल काय कळते? बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरून उत्तर आले, “बाई, एवढंच कळतं की फोटो काढायला पैसे होते.” वर्ग हसला, मीही हसले, परंतु नागरिकत्व आणि ओळख हा विषय अठरा वर्षे फळ्यावर व्याख्या लिहून शिकवल्यानंतर तो फोटोंपासूनच शिकवून पाहावा, असे मला त्या उत्तरामुळे वाटले. त्यासाठी मी जो संग्रह सलग पाच आठवडे वापरला, त्याचे हे परीक्षण आहे.

‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’, म्हणजेच ‘पारी’, हे ग्रामीण भारतातील लोकांच्या जगण्याची नोंद ठेवणारे संकेतस्थळ पत्रकार पी. साईनाथ यांच्या पुढाकाराने डिसेंबर २०१४मध्ये सुरू झाले. त्यावर वृत्तांत आहेत, चित्रफिती आहेत, जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड साठा आहे आणि या सगळ्यांतून वाहणारी हजारो छायाचित्रे आहेत. पाहण्यासाठी पैसे भरावे लागत नाहीत. बराच मजकूर मराठीसह अनेक भारतीय भाषांत वाचता येतो आणि मराठी अनुवाद बहुतेक ठिकाणी मनापासून केलेले वाटतात, कारण बोलणाऱ्या माणसाच्या तोंडची भाषा त्यांत पुसून टाकलेली नसते. शाळा-महाविद्यालयांसाठी ‘पारी’चा स्वतंत्र शिक्षण विभागही आहे. मी मात्र सुरुवात तेथून न करता ‘फेसेस’ या विभागापासून, म्हणजे चेहऱ्यांच्या दालनापासून केली आणि तो निर्णय बरोबर ठरला, असे मला आजही वाटते.

या दालनाची कल्पना अगदी साधी आहे. देशाच्या प्रत्येक जिल्ह्यातील माणसांचे चेहरे नोंदवायचे आणि प्रत्येक चेहऱ्याखाली त्या व्यक्तीचे नाव, तिचे काम, गाव, तालुका, जिल्हा, छायाचित्राची तारीख आणि छायाचित्रकाराचे नाव द्यायचे. यापलीकडे त्या ओळींत काही नसते. ही व्यक्ती गरीब आहे, सोशिक आहे, रंगीबेरंगी आहे, असे कोणतेही विशेषण तेथे चिकटवलेले नसते. पहिल्या तासाला मी या ओळी झाकून वीस चेहरे पडद्यावर दाखवले आणि पाहणाऱ्याला जे कळते ते वहीत लिहायला सांगितले. मुलांनी आधी कपड्यांवरून धर्म लिहिला, मग रंगावरून राज्य लिहिले, मग हातांवरून आणि सुरकुत्यांवरून काम लिहिले. एका मुलाने सरळ विचारले, “हे सगळे गरीब आहेत का?” त्रेचाळीस वह्यांपैकी एकाही वहीत ‘नाव कळत नाही’ असे वाक्य नव्हते. नाव ही विचारण्याजोगी गोष्ट आहे, हेच कोणाच्या मनात आले नव्हते. त्यानंतर मी झाकलेल्या ओळी उघडल्या तेव्हा निम्म्याहून अधिक अंदाज चुकलेले निघाले आणि वर्गात जो गलका झाला तो थांबवण्यासाठी मला डस्टर आपटावा लागला.

या ओळींचे मोल कळण्यासाठी त्यांच्या शेजारी दुसरे काहीतरी ठेवावे लागते आणि ते मला एकोणिसाव्या शतकात सापडले. १८५७च्या उठावानंतर या देशात नेमके कोण कोण राहते हे इंग्रज सरकारला जाणून घ्यायचे होते. त्यातून ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, जे. फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के हे त्याचे संपादक होते आणि त्यात चारशे अडुसष्ट छायाचित्रे होती. त्यातील पाने आता न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात कोणालाही पाहता येतात. तेथेही समोर बसलेली किंवा उभी असलेली माणसे आहेत, तेथेही त्यांचे डोळे थेट आपल्याकडे पाहतात. परंतु खाली बहुतेक ठिकाणी माणसाचे नाव नसून जमातीचे किंवा जातीचे नाव आणि ठिकाण आहे, आणि सोबतच्या मजकुरात ती जमात विश्वासू आहे की नाही, कष्टाळू आहे की चोरटी आहे, असे शेरे आहेत. म्हणजे माणूस बसलेला आहे एक आणि त्याच्यावरून निकाल लावला जातो आहे हजारोंचा. दोन्हीकडची चार-चार छायाचित्रे मी एकाच पडद्यावर शेजारी शेजारी ठेवली. प्रजा आणि नागरिक यांतील फरक सांगणारे पाठ्यपुस्तकातील वाक्य मी अनेक वर्षे मुलांकडून पाठ करून घेतले होते; त्या दिवशी ते वाक्य मला उच्चारावे लागले नाही.

आमची शाळा सोलापुरात आहे, त्यामुळे हा धागा येथेच तुटणे शक्य नव्हते. सोलापुरात सेटलमेंट नावाची वस्ती आहे आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आपण सगळे तो शब्द सहज वापरतो. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले गेले, त्यांना तारेच्या कुंपणाआड हजेरी देत ठेवण्यासाठी ज्या वसाहती केल्या गेल्या, त्यांपैकी ही एक. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि ती माणसे ‘विमुक्त’ झाली. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, राज्यघटना १९५० साली लागू झाली, आणि तरीही एका समूहाला हजेरीतून सुटण्यासाठी आणखी अडीच वर्षे थांबावे लागले, हा हिशेब मुलांनी स्वतःच फळ्यावर मांडला. त्या वस्तीतून येणारी काही मुले माझ्या वर्गात आहेत. त्यांच्याकडे कोणी वळून पाहू नये, अशी धाकधूक मला होती, म्हणून मी वस्तीचे नाव स्वतःहून घेतले नव्हते. ते त्यांच्यापैकीच एकाने घेतले आणि आपल्या पणजोबांची गोष्ट अगदी सहजपणे, जरा अभिमानानेच, सांगितली. शिक्षकाने किती सांभाळून घ्यावे आणि कोठे मुलांवर सोडून द्यावे, याचे गणित मला अजून जमलेले नाही, एवढे येथे कबूल करते.

‘पारी’वर पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त समाजांवरील वृत्तांतही आहेत. मी त्यांतील एक वर्गात वाचायला घेतला आणि अर्ध्यावर थांबवला. वृत्तांत उत्तमच होता; परंतु चौदा वर्षांच्या मुलांसमोर सलग इतके दुःख मांडले की त्यांच्या चेहऱ्यावर विचार न दिसता दया दिसू लागते, आणि दया आली की समोरचा माणूस पुन्हा नाव हरवून बसतो. हा संग्रहाचा दोष आहे असे मी म्हणणार नाही, कारण तो शाळकरी मुलांसाठी निवडून-पाखडून ठेवलेला संच नव्हे, तो वृत्तांतांचा साठा आहे. परंतु वर्गात वापरू इच्छिणाऱ्याने प्रत्येक पान स्वतः आधी पूर्ण वाचल्याशिवाय पडद्यावर आणू नये. मी एका तासासाठी साधारण तीन तास निवडण्यात घालवले. पाठ्यक्रमातील प्रकरणांशी जुळवाजुळव करणे हेही शिक्षकाच्याच पदरी पडते.

या संकेतस्थळावरील ज्या एका गोष्टीसाठी मी कोणत्याही शिक्षकाला तेथे जाण्याचा आग्रह करीन, ते म्हणजे साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरून टिपलेल्या, काम करणाऱ्या ग्रामीण स्त्रियांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन. काम डोळ्यांना दिसते आणि ते करणारी बाई दिसत नाही, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक आहे. मूळ प्रदर्शन हे भिंतीवर लावायच्या फलकांचे होते. संकेतस्थळावर प्रत्येक फलकासोबत छोटी चित्रफीत, मजकूर आणि सुटी छायाचित्रे अशी मांडणी केली आहे, त्यामुळे एका तासात एक फलक नीट पुरतो. त्यातील एका फलकावर आंध्र प्रदेशातील विजयनगरम् भागातले एक छायाचित्र आहे. शेताचा मालक छायाचित्रकारासाठी ताठ उभा राहिला आहे आणि त्याच्या मागे चिखलात लावणी करणाऱ्या बायका कमरेत वाकलेल्या आहेत. मजकूर सांगतो की, आपण दिवसाला चाळीस रुपये मजुरी देतो असे मालकाने सांगितले आणि बायकांनी नंतर सांगितले की त्यांना पंचवीसच मिळतात. त्या सगळ्या ओडिशातील रायगडा येथून आलेल्या भूमिहीन घरांतील होत्या.

मी मजकूर झाकून विचारले, हा फोटो कोणाचा? सगळ्यांचे एकच उत्तर आले, “मालकाचा.” मजकूर वाचल्यानंतर पुन्हा तोच प्रश्न विचारला, तेव्हा वर्गाची दोन गटांत विभागणी झाली आणि खरे भांडण जुंपले. एक गट म्हणू लागला की पुढे उभा आहे तो मालक, त्यामुळे फोटो त्याचाच. दुसरा गट म्हणू लागला की, तो केवळ उभा आहे, काही करत नाही, म्हणून फोटो बायकांचा. या गोंधळात एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, “फोटो खोटा नाही बाई, पण पंधरा रुपये फोटोत दिसत नाहीत.” मी त्या वाक्यावर काहीही बोलले नाही, ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवले आणि पाचही आठवडे पुसू दिले नाही. त्या बायका एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कामाला गेल्या होत्या आणि देशात कोठेही जाण्या-राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने त्यांना दिलेला आहे. परंतु परक्या गावात ठरलेली मजुरी मागण्याची ताकद त्या कलमाने आपोआप येत नाही, एवढे त्या पंधरा रुपयांवरून पुढच्या तासाला बोलता आले.

येथून पुढचा भाग संग्रहाचा नव्हे, परंतु संग्रहामुळेच घडलेला आहे, म्हणून तो परीक्षणात घेते. मी मुलांना सांगितले की, आपल्या घरातील काम करणाऱ्या एका व्यक्तीचा, तिची परवानगी घेऊन, फोटो काढायचा आणि खाली चेहऱ्यांच्या दालनासारख्याच ओळी लिहायच्या: नाव, काम, ठिकाण, तारीख, छायाचित्रकार. विशेषण एकही वापरायचे नाही. पालकांकडून लेखी संमती घेतली, फोटो फक्त वर्गात लावले जातील असे कळवले, आणि व्हॉट्सॲपवर कोणीही कोणाचा फोटो पुढे पाठवायचा नाही, अशी ताकीद दिली. ज्यांच्या घरी कॅमेऱ्याचा फोन नव्हता त्यांना मी माझा जुना फोन आळीपाळीने दिला.

आमच्या शाळेत शहराच्या पूर्व भागातील मुले अधिक आहेत. घरी तेलुगू बोलणारी पद्मशाली कुटुंबे, कन्नड बोलणारी, दख्खनी उर्दू बोलणारी आणि मराठी बोलणारी अशी सरमिसळ एकाच बाकावर बसते. त्यामुळे मुलांनी फोटो आणले तेव्हा पहिल्या ओळीत ‘अम्मा’, ‘अव्वा’, ‘अम्मी’ आणि ‘आई’ असे चार शब्द होते आणि नाव एकाही फोटोखाली नव्हते. मी विचारले, नाव कोठे आहे? एका मुलाने सांगितले की, हेच नाव आहे. नियम नियम असतो, म्हणून सगळ्यांना घरी जाऊन पूर्ण नाव विचारून यायला सांगितले. आणि चौघांनी दुसऱ्या दिवशी प्रामाणिकपणे सांगितले की, आईचे माहेरचे नाव वेगळे होते हे त्यांना आजवर ठाऊक नव्हते. लग्नात बदललेल्या नावाने लिहायचे की जन्माच्या, यावर एक अख्खा तास गेला. त्याच तासाला मी त्यांना सांगितले की, १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत महाराष्ट्र शासनाने आईचे नाव बंधनकारक केले आहे आणि ते मुलाच्या नावानंतर, वडिलांच्या नावाच्या आधी येते. “म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या नावात अम्मा आहे आणि माझ्या नावात नाही,” असे एकीने हिशेब करून सांगितले. ओळख ही कागदावर कोण, कोणत्या क्रमाने लिहितो यावर ठरते, हे तिला माझ्या आधी कळले.

फोटोंपैकी एकोणीस फोटो विड्या वळणाऱ्या बायकांचे होते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवून ठेवलेली तेंदूची पाने, कात्री, दोरा आणि मान खाली. एकोणीसही फोटोंत मान खाली होती. हे कोणी ठरवून केले नव्हते. दिवसाकाठी हजाराच्या आसपास विड्या पुऱ्या करायच्या असल्या म्हणजे मान वर करायला सवड नसते. मी ते एकोणीस फोटो सलग पडद्यावर दाखवले आणि शेवटी पुन्हा विजयनगरम् येथील छायाचित्र लावले. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी एक मुलगा आईचे विडी कामगाराचे ओळखपत्र घेऊन आला, ज्याच्या आधारे त्याला शिष्यवृत्ती मिळते. त्या कार्डावर आईचा पासपोर्ट आकाराचा फोटो होता. मान सरळ, डोळे समोर, पदर नीट. त्याने स्वतः काढलेल्या फोटोशेजारी तो ठेवून त्याने विचारले की, यांतला खरा कोणता? विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला आणि घरी बसून विड्या वळणारी बाईदेखील त्या कायद्याने कामगार ठरली, हे मी त्याला सांगू शकले. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी दिले नाही आणि ते द्यायचेही नव्हते.

मधल्या एका प्रसंगाची नोंद करणे भाग आहे. सगळे फोटो चार बाय सहा इंचांत छापून घेण्यासाठी मी ते एका फोटो स्टुडिओत दिले. तेथील माणूस भला होता, शाळेचे काम म्हणून त्याने पैसेही कमी घेतले आणि आपल्याकडून एक सेवा म्हणून संगणकावर सगळे चेहरे ‘क्लीन’ करून दिले. पाकीट उघडले तर वर्गातील सगळ्या आया-आजोबा दोन-दोन छटांनी उजळलेले, सुरकुत्या पुसलेल्या, आणि एका आजीच्या कपाळावरचे गोंदण नाहीसे झालेले. “अव्वा गोरी झाली,” असे म्हणत मुले आधी हसली आणि मग गोंदणाचा फोटो ज्या मुलीचा होता ती रुसून बसली. सगळे फोटो मूळ रूपात पुन्हा छापून घ्यावे लागले. या घोळाचा मला रागही आला आणि तो उपयोगीही पडला, कारण फोटोतील माणूस कसा दिसावा हे ठरवण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न मी शिकवायच्या यादीत ठेवला नव्हता. दोन्ही प्रती शेजारी ठेवून मुलांनी तो स्वतःच उभा केला. हा प्रयोग करणाऱ्या शिक्षकांनी स्टुडिओत फोटो देतानाच ‘काहीही सुधारू नका’ असे लिहून द्यावे.

आता नागरिकत्वाच्या नेमक्या कायदेशीर बाजूबद्दल. ही बाजू संग्रहातून मिळत नाही, ती शिक्षकालाच जोडावी लागते. आधार कार्ड म्हणजेच नागरिकत्व, अशी वर्गातील जवळपास सगळ्यांची ठाम समजूत होती. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिला गेला, हे ऐकून त्यांना गंमत वाटली. परंतु २०१६च्या आधार कायद्याचे नववे कलम हा क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा नसल्याचे सांगते, हे ऐकून ती गोंधळली. मग राज्यघटनेची पाच ते अकरा ही कलमे, १९५५चा नागरिकत्व कायदा आणि अठराव्या वर्षी मिळणारा मतदानाचा हक्क एवढे मी भराभर सांगून टाकले, कारण तो भाग पुस्तकात आहे आणि तेथे तो नीट आहे. फोटोंनी जे केले ते इतकेच की, या कलमांत ‘व्यक्ती’ हा शब्द आला की मुलांच्या डोळ्यांसमोर आता कोणीतरी येते. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावरील ‘भारत माझा देश आहे’ ही प्रतिज्ञा मुळात तेलुगूत, पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली लिहिली, हे मी जाता जाता सांगितले तेव्हा तिसऱ्या बाकावरील मुले जी ताठ बसली, ती तास संपेपर्यंत तशीच होती. रोज सकाळी जी प्रतिज्ञा आपण दुसऱ्याच्या भाषेत म्हणतो आहोत असे त्यांना वाटत होते, ती त्यांच्या घरच्या भाषेतून आली होती.

संग्रहाची खरी मर्यादा माझ्या दृष्टीने त्याच्या नावातच आहे. तो ग्रामीण भारताचा आहे. सोलापूरसारख्या गिरण्या बंद पडलेल्या शहरातील मुलाला तेथे आजोळ दिसते, गल्ली क्वचितच दिसते. आणि शहरी श्रमिकांच्या फोटोंसाठी शिक्षकाला दुसरीकडे शोध घ्यावा लागतो. महाराष्ट्रातील शिक्षकांना मी छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईतील सफाई कामगारांच्या केलेल्या छायाचित्रांची आठवण करून देईन, मात्र तीदेखील चौदा वर्षांच्या मुलांना दाखवताना निवडून दाखवावीत. दुसरी अडचण म्हणजे ‘पारी’वरील बहुतेक छायाचित्रे पत्रकाराने काढलेली आहेत. ती आदराने काढलेली आहेत, नाव विचारून काढलेली आहेत, तरीही कॅमेरा पाहुण्याच्या हातात आहे. मुले केवळ तेवढेच पाहत राहिली तर पाहणारे आपण आणि पाहिले जाणारे ते, अशी विभागणी नकळत मनात पक्की होते. म्हणून स्वतःच्या घरातील फोटो काढण्याचा भाग वगळून केवळ संकेतस्थळ दाखवून थांबणाऱ्या शाळेला यातून निम्माच लाभ होईल, असे माझे स्पष्ट मत आहे. तिसरी गोष्ट किरकोळ आहे: वृत्तांत लांब असतात, नववीतील मुलांचा वाचनाचा दम तेवढा नसतो, आणि हव्या त्या विषयाचे सगळेच मराठीत मिळेल असे धरून चालू नये. काही ओळींचा अनुवाद मी मुलांकडूनच करून घेतला आणि त्यात त्यांच्या इंग्रजीच्या बाईंनी मनापासून मदत केली.

व्यवहाराचे बोलायचे तर खर्च जवळपास शून्य आहे. शाळेत प्रोजेक्टर आणि इंटरनेटची बरी जोडणी लागते. आमच्याकडे जोडणीचा भरवसा नसल्यामुळे मी पाने घरी उघडून पाहत असे आणि तासाला लागणारी तेवढीच ऐनवेळी फोनच्या इंटरनेटवर लावत असे. शाळेबाहेर काही छापायचे किंवा प्रसिद्ध करायचे असेल तर संकेतस्थळाकडे विचारणा करावी, ते सोयीचेही आणि रीतीचेही आहे. पस्तीस मिनिटांचे दहा तास मला पुरले नाहीत. बारा धरून चालावे. आठवीच्या खाली हा प्रयोग करू नये असे मला वाटते, दहावीला परीक्षेच्या घाईत तो होत नाही, तेव्हा नववी हाच त्याचा काळ. पहिल्यांदा करणाऱ्याने चेहऱ्यांच्या दालनातील दहा फोटो आणि स्त्रियांच्या श्रमांवरील एक फलक एवढ्यावरच भागवावे.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी पालकसभेच्या दिवशी वर्गाच्या भिंतीवर त्रेचाळीस फोटो लागले. बिगारी काम करणारे वडील होते, यंत्रमागावर उभे काका होते, भांडी घासणारी मोठी बहीण होती, आणि एका मुलाने चक्क माझा, फळा पुसतानाचा, फोटो काढला होता. त्याखाली माझे पूर्ण नाव, ‘शिक्षिका’ आणि शाळेचे नाव होते. ओळखपत्र घेऊन येणाऱ्या मुलाची आई आली, फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली आणि मला म्हणाली, “बाई, नाव राहू द्या. पण ह्यो फोटो काढून दुसरा लावा, मान वर असलेला.” मुलगा तयार नव्हता, त्याचे म्हणणे होते की, काम करतानाचा फोटो काढायचा असा नियम होता आणि आईने त्या वेळी परवानगी दिलेली होती. आईचे म्हणणे होते की, परवानगी तिची होती, तेव्हा ती परत घेण्याचा हक्कही तिचाच आहे. दोघेही माझ्याकडे पाहू लागले. मी आईच्या बाजूने निर्णय दिला आणि फोटो उतरवला. मुलाने दोन दिवसांनी दुसरा फोटो आणला, त्यात ती सूप बाजूला ठेवून दारात उभी आहे. खालच्या ओळीत त्याने नाव, ठिकाण आणि तारीख पूर्वीचीच ठेवली. कामाच्या ठिकाणी ‘विड्या वळते’ हे शब्दही तसेच ठेवले, आणि छायाचित्रकार या शब्दापुढे स्वतःच्या नावाशेजारी आईचे नाव लिहिले.